कोऱ्या कागदावरचा हमाल

दोस्तांनो, चित्रात कष्टकरी आला म्हणजे चित्र कष्टकऱ्याचं झालं, असं समजू नका. चीनमधल्या कॅन्टनची चित्रं बघा.

1757 पासून 1842 पर्यंत युरोपच्या व्यापाऱ्याला चीनमध्ये कॅन्टन हे एकच बंदर मोकळं होतं. तिथंही तटबंदीच्या आत जायला बंदी. गल्ली बघता येईना, म्हणून त्यानं ती कागदावर विकत घेतली. न्हावी, चांभार, लोहार, हमाल, फुटकी भांडी सांधणारा, सगळे चिनी चित्रकारांनी रंगवून दिले. पु-क्वा या चित्रकाराच्या चित्रांवरून मेसन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1800 साली लंडनला 60 चित्रांचं पुस्तक काढलं.

हत्यारं चोख काढलीत, हे मान्य केलं पाहिजे. कामाची ओळख असल्याशिवाय असा हात चालत नाही. पण बहुतेक ठिकाणी माणसाच्या मागं कोरा कागद. गल्ली नाही, मालक नाही, मजुरी नाही. माणसाचं नाव नाही, नुसता धंदा. 1801 साली याच मेसननं चिनी शिक्षांची 22 चित्रं छापली. ओझं वाहणारा आणि फटके खाणारा, दोघंही गिऱ्हाइकाला बघायची चीज!

कॅन्टनच्या नदीवर होडीतच जन्मून होडीतच मरणारे टांका लोक होते. समाज त्यांना हीन मानी. 1729 साली बादशहानं त्यांना काठावर राहायची मुभा दिली, तरी हेटाळणी सुटली नाही. कायदा झाला न् रिवाज राहिला, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चित्रांत होड्या आल्या, सुबक आल्या. हेटाळणी आली नाही.

मात्र चित्रकाराला शिव्या घालून भागत नाही. या चित्रशाळांत एकानं रेघ मारायची, दुसऱ्यानं रंग भरायचा, अशी कामाची वाटणी होई. तोही पोटासाठी राबणारा. काय दिसावं, हे गिऱ्हाईक ठरवी.

आपल्याकडं 1868 ते 1875 मध्ये इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया'चे 8 खंड काढले. फोटोतल्या माणसाची ओळख काय, तर जात नाहीतर जमात.

आता आपलं बघू. आपल्या कथेत बाप हलगी घेऊन उभा राहतो, आई शेण गोळा करते. शहरातला वाचक हळहळतो, वा म्हणतो. त्या बापाच्या मागं गावचा पाटील आहे का? बुडवलेली मजुरी आहे का? त्यानं एकदा तरी दिलेला नकार आहे का? नसेल, तर आपणही कोऱ्या कागदावरचा हमालच विकतोय. लिहिण्याआधी एवढं तपासा.