अटलांटिस : कल्पित इतिहास आणि त्याची प्रमाणे

समुद्रात बुडालेल्या अटलांटिस या बेटाची कथा प्लेटोच्या 'टिमेअस' आणि 'क्रिटिअस' या दोन संवादांपूर्वीच्या कोणत्याही उपलब्ध ग्रंथात आढळत नाही. तरीही सुमारे चोवीस शतके तिच्याविषयी प्रामुख्याने एकच प्रश्न विचारला गेला : हे बेट नेमके कोठे होते? वाङ्मयीन दृष्ट्या अधिक मूलगामी प्रश्न वेगळा आहे. एका कल्पित राज्याला इतिहासाचे रूप देण्याची गरज प्लेटोला का भासली, आणि ते रूप कोणत्या साधनांनी सिद्ध झाले?

'टिमेअस'च्या आरंभी सॉक्रेटीस आदर्श नगरराज्याला प्रत्यक्ष युद्धात उतरलेले पाहण्याची इच्छा व्यक्त करतो. तिच्या पूर्तीसाठी क्रिटिअस आजोबांकडून बालपणी ऐकलेली हकीकत सांगतो. ती सोलोनने इजिप्तमधील साइस येथील पुरोहितांकडून आणलेली, आणि पुरोहितांच्या देवालयात ती लिहून ठेवलेली. घटना मात्र सोलोनच्याही ९,००० वर्षे आधीची. निवेदकांच्या या साखळीतील प्रत्येक कडी कथेला प्रामाण्य देते आणि त्याच वेळी पडताळणीची शक्यता एक पायरी दूर नेते. परक्या बेटावरील राजांची नावे ग्रीक कशी, ही संभाव्य शंकाही अनुत्तरित राहत नाही : इजिप्शियनांनी त्या नावांचे अर्थ आपल्या भाषेत आणले होते आणि सोलोनने ते पुन्हा ग्रीकमध्ये आणले, असा खुलासा क्रिटिअस करतो. ही रचलेली गोष्ट नसून सत्यकथन आहे, याबद्दल सॉक्रेटीस समाधान व्यक्त करतो. परंतु 'फीड्रस'मध्ये याच सॉक्रेटीसला, इजिप्तच्या कथा तो सहज रचू शकतो, असे ऐकवले जाते. 'इति ह आस', म्हणजे 'असे खरोखर होते', ही ग्वाही अटलांटिसच्या कथेत कथेबाहेरून आलेली नाही. ती कथेचाच एक घटक आहे.

'क्रिटिअस'मधील मोजमापांचे कार्यही हेच आहे. समुद्रापासून आत नेलेला कालवा ३०० फूट रुंद, १०० फूट खोल आणि ५० स्टेडिया लांब. जमिनीची दोन आणि पाण्याची तीन वलये. आरमारात १,२०० जहाजे. या आकड्यांमुळे वर्णनाला दप्तरी नोंदीची कळा येते. पण त्यांच्या मध्यभागी गजबजलेले बंदर आहे, आणि तेथे सर्व दिशांनी आलेल्या व्यापाऱ्यांचा कोलाहल रात्रंदिवस थांबत नाही. हे बंदर नैतिक अर्थाने भारलेले आहे. 'लॉज' या उत्तरकालीन संवादात प्लेटो समुद्राचे सान्निध्य नगराला घातक मानतो, कारण किरकोळ व्यापार माणसांच्या मनात अस्थिरता आणि अविश्वास रुजवतो. सॅलॅमिसच्या आरमारी विजयापेक्षा मॅरेथॉनच्या भूयुद्धाने ग्रीकांना अधिक चांगले बनवले, असेही मत तेथे मांडलेले आहे.

या पार्श्वभूमीवर अटलांटिसचा शत्रू पाहावा. तो म्हणजे आदिम अथेन्स : शेतीवर जगणारे, ज्याचे रक्षक सोने-रूपे वापरत नाहीत असे नगर. प्लेटोच्या वाचकांचे अथेन्स मात्र पिरेअसच्या बंदरावर आणि आरमारावर उभे होते, इ. स. पू. ४१५ मध्ये त्याने सिसिलीवर स्वारी केली आणि ४०४ मध्ये युद्ध गमावले. अटलांटिसच्या वेषात अथेन्सच अथेन्सवर चाल करून येते, हे पिएर व्हिदाल-नाके यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. इतिहासाचे रूप येथे अपरिहार्य ठरते, ते यामुळेच. उपदेश नाकारता येतो; पूर्वजांचा वृत्तान्त नाकारणे अवघड असते.

कथेच्या ग्रहणाचा इतिहास मात्र प्लेटोच्या हेतूला छेद देणारा आहे. ओलाउस रुडबेक याने १६७९ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अटलांटिस स्वीडनमध्ये आणले. इग्नेशियस डॉनेली याने १८८२ मध्ये त्याला साऱ्या संस्कृतींचे मूलस्थान ठरवले. उत्तरेकडील अटलांटिसची कल्पना मांडणारा हेर्मान विर्थ १९३५ मध्ये नाझी राजवटीतील 'आनेनएर्बे' या संस्थेच्या संस्थापकांत होता. अहंकारी सत्तेच्या पतनाची कथा अशा रीतीने वंशश्रेष्ठत्वाचे साधन झाली. ही केवळ भूगोलाची चूक नव्हती. कथनातील ग्वाहीला कथनाबाहेरचा पुरावा मानण्याची ती वाचनपद्धती होती.

या विपर्यासाची बीजे संहितेतही आहेत. कवींच्या मोहिनीबद्दल साशंक असलेल्या प्लेटोने शत्रूच्या नगराला धातूंची झळाळी, देवालये, उद्याने आणि हत्ती दिले. आदर्श नगराच्या वाट्याला संयम आला. परिणामी शोधमोहिमा अटलांटिससाठी निघतात. त्याला हरवणाऱ्या आणि त्याच प्रलयात आपले सैन्य गमावणाऱ्या त्या निर्धन अथेन्सचा शोध कोणी घेत नाही. 'क्रिटिअस' ऐन निर्णायक क्षणी तुटतो : झ्यूस देवांना एकत्र बोलावतो, बोलू लागतो, आणि संहिता संपते. शिक्षेचा शब्द उच्चारलाच गेला नाही. ती रिकामी जागा प्रत्येक काळाने आपल्या वैभवाच्या स्वप्नाने भरली. तेथे आपल्यावरचा निवाडा वाचण्याची तयारी मात्र फार थोड्यांनी दाखवली.