‘वाचले’ या खुणेचा अर्थ : संगणकीय संदेशव्यवहारातील न वाचलेल्या मजकुराच्या नोंदीची चिकित्सा

प्रस्तावना

संदेश पोचणे, तो उघडला जाणे आणि तो वाचला जाणे या तीन भिन्न क्रिया होत. कार्यालयीन व्यवहाराने हा भेद पूर्वीपासून जपला आहे. आवक नोंदवहीतील नोंद किंवा पोचपावतीवरील सही पत्र मिळाल्याचे सांगते. ते वाचल्याचे सांगत नाही. संगणकीय संदेशव्यवहाराने मात्र न वाचलेला मजकूर ठळक अक्षरांत दाखवून थेट वाचनाचीच नोंद ठेवण्याचा दावा केला. हा दावा कितपत टिकतो, हे तपासणे आवश्यक ठरते.

नोंदीच्या तीन पद्धती

१९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. या व्यवस्थेत वाचलेल्या लेखांचे क्रमांक वाचकाच्या स्वतःच्या ‘न्यूजआरसी’ या फाइलमध्ये ‘१–१२०, १२३’ अशा रूपात साठवले जात. वाचन बहुधा क्रमाने होत असल्याने शेकडो लेखांची नोंद एका ओळीत मावे. तरीही सुटलेले १२१ व १२२ हे लेख नजरेआड होत नसत. लॅरी वॉल यांच्या ‘आरएन’ (१९८४) या प्रणालीत वाचलेला लेख पुन्हा ‘न वाचलेला’ ठरविण्याची मुभाही होती. मात्र लेखक्रमांक प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरते देत असे. त्यामुळे सर्व्हर बदलताच ही नोंद निरुपयोगी ठरे.

दुसरी पद्धत केवळ शेवटच्या भेटीची वेळ साठविण्याची होय. ती अत्यंत काटकसरीची आहे. परंतु दहापैकी एकच संदेश वाचून वाचक निघून गेला, तरी पुढील भेटीत उरलेले नऊही वाचलेले मानले जातात. येथे साठवणीची बचत वाचकाच्या पदरी तोटा टाकते.

तिसरी पद्धत ‘आयमॅप’ची. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड येथे विकसित केलेल्या या प्रणालीत प्रत्येक संदेशावरील ‘सीन’ ही खूण सर्व्हरवर राहते. त्यामुळे अनेक यंत्रांवरून पाहिले तरी नोंद एकच दिसते. तथापि येथे व्याख्या आणि कृती यांत विसंगती आहे. २००३ चे ‘आरएफसी ३५०१’ हे मानक ‘सीन’चा अर्थ ‘संदेश वाचला गेला आहे’ असा देते. प्रत्यक्षात मजकूर सर्व्हरवरून मागविताच ही खूण आपोआप उमटते. खूण न उमटविता मजकूर पाहण्यासाठी ‘पीक’ हा वेगळा पर्याय द्यावा लागला, यातच ‘मागविणे’ म्हणजे ‘वाचणे’ नव्हे, याची कबुली आहे.

परिणाम

सामाईक पेटीत हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही. जेथे ही खूण सर्वांसाठी एकच ठेवली जाते, तेथे एका कर्मचाऱ्याने ओझरता उघडलेला विद्यार्थ्याचा अर्ज इतरांना वाचलेला दिसतो. प्रत्येक जण तो दुसऱ्याने हाताळला असे मानतो आणि अर्ज तसाच पडून राहतो.

निष्कर्ष

यंत्राला वाचन कळत नाही; त्याला उघडणे तेवढे कळते. म्हणून खुणेने ‘उघडले’ एवढेच सांगावे, सामाईक पेटीत ती व्यक्तिनिहाय असावी आणि ती पुसण्याचा अधिकार वाचकाकडे राहावा. सोय आणि वाचकाचा अधिकार या दोन निकषांवर पाहता ‘आयमॅप’ची सार्वत्रिकता आणि ‘न्यूजआरसी’ची वाचकनिष्ठा यांचा मेळ घालणे हेच इष्ट होय.