चाचणीचा सरासरी अंक आणि शाळेतील मूल

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची चाचणी 12 नोव्हेंबर 2021 रोजी इयत्ता तिसरी, पाचवी, आठवी व दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष जिल्हा हा घटक धरून मांडलेले आहेत. नाहूरची प्राथमिक शाळा त्यामुळे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या सरासरीत विरून जाते, आणि वांद्र्यापासून मुलुंडपर्यंतच्या अत्यंत भिन्न वस्त्यांना एकच अंक प्राप्त होतो. नमुना-सर्वेक्षणाची ही अपरिहार्य मर्यादा आहे. तो तिचा दोष नव्हे. दोष आहे तो अशा अंकावरून शाळेची किंमत ठरविण्यात.

मुलामुलींचे लिंग, सामाजिक प्रवर्ग, शाळेचे व्यवस्थापन आणि ग्रामीण-नागरी भेद यांनुसार गुणांची विभागणी अहवालात आढळते. 1966 च्या कोलमन-अहवालाने अमेरिकेत कौटुंबिक पार्श्वभूमीचे महत्त्व दाखविले, तेव्हापासून अशी विभागणी आवश्यक मानली जाते, ते योग्यच आहे. परंतु भाषेच्या चाचणीत भाषिक पार्श्वभूमीची दखल किती घेतली जाते? घरची भाषा व शाळेचे माध्यम एकच आहे काय, असा एक प्रश्न विद्यार्थ्यास विचारला जातो. या प्रश्नाचा साधेपणा फसवा आहे.

नाहूर-भांडुपच्या परिसरात कोकणातून आलेली कुटुंबे आहेत, तशीच उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेलीही. घरी ‘माका’ म्हणणारे मालवणी मूल मराठी शाळेत ‘होय’ असेच उत्तर देईल. भोजपुरी बोलणारे मूल हिंदी शाळेत तेच करील. वस्तुतः भोजपुरीत कर्त्याचा ‘ने’ नाही. प्रमाण हिंदीतील ‘मैंने खाया’ ही रचना त्या मुलास नव्याने शिकावी लागते. तेच मूल मराठी माध्यमात आले तर अडचण निराळी: हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, आणि तिसरे लिंग तर हिंदीत नाहीच. ‘चांगली पुस्तक’ हे उत्तर गुणपत्रिकेत केवळ चूक ठरते. व्याकरणदृष्ट्या ते एका भाषेच्या नियमाचे दुसऱ्या भाषेत झालेले सुसंगत उपयोजन आहे. वाचन न येणे आणि लिंगव्यवस्था निराळी असणे, या दोन गोष्टी एकाच शून्याने दर्शविल्या जातात. मग शिक्षकाने कशावर उपाय करावा?

विल्यम लबॉव्ह यांनी 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधील एका मुलाचे उदाहरण दिले. औपचारिक मुलाखतीत जवळजवळ मुका वाटणारा हा मुलगा सोबतीला मित्र येताच आणि संशोधक जमिनीवर बसताच अस्खलित बोलू लागला. सारा भेद प्रसंगाचा होता. (बर्नस्टाइन यांच्या ‘मर्यादित संकेता’चा आधार घेऊन गरीब मुलांस भाषाच नसते असे सांगणाऱ्यांनी हा निबंध अवश्य वाचावा.)

मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालविते. इतकी बहुभाषिकता पदरी असलेल्या नगराने मुलांच्या घरच्या बोलींची नोंद प्रवेशाच्या वेळीच शाळावार ठेवणे कठीण नाही. त्या नोंदीत ‘मराठी’ वा ‘हिंदी’ एवढ्यावर न थांबता मूल आजीशी कसे बोलते, हे विचारावे लागेल.