उसनी आज्ञावली

वेबपान तयार करायला शिकवणाऱ्या अनेक पाठांत एक सल्ला हमखास सापडतो : जेक्वेरीसारखी तयार आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू नका, सामायिक वितरण-जाळ्यावरून मागवा. वाचकाने दुसऱ्या एखाद्या स्थळावर तीच फाइल उतरवलेली असेल, तर ती त्याच्या ब्राउझरच्या साठ्यात आयती मिळेल, असे त्याचे कारण सांगतात.

हे कारण आता उरलेले नाही. साठ्यात काय आहे ते चाचपून वाचक कोठे फिरून आला, हे परक्या स्थळाला ओळखता येई. म्हणून सफारीने २०१३ मध्ये, क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये प्रत्येक स्थळासाठी हा साठा वेगळा केला. दहा स्थळांवर लागणारी एकच फाइल आता दहा वेळा उतरते. शिवाय परक्या सर्व्हरशी नवा संपर्क जोडण्यात वेळ जातो तो निराळाच. दाबून सुमारे ३० किलोबाइट होणाऱ्या फाइलसाठी एवढा खटाटोप कशाला?

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. बाहेरून आणलेली आज्ञावली आपल्या पानात आपल्याच अधिकाराने चालते. वाचक अर्जात काय भरतो, तेही तिला वाचता येते. पॉलिफिल डॉट आयओ ही जुन्या ब्राउझरांच्या उणिवा भरून काढणारी मोफत सेवा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचा पत्ता दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. मूळ कर्ते अँड्र्यू बेट्स यांनी ती ताबडतोब काढून टाका, असे तेव्हाच बजावले होते. जूनमध्ये उघडकीस आले, की मोबाइलवरील काही वाचकांना तेथून सट्ट्याच्या स्थळांकडे वळवले जात होते. एक लाखाहून अधिक स्थळांना ती जोडलेली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या पानांत एक अक्षरही बदललेले नव्हते!

फाइलचा गणिती ठसा पानात लिहून ठेवण्याची सोय आहे. २०१६ मध्ये तिला मानकाचा दर्जा मिळाला. एक बाइट जरी बदलला, तरी ब्राउझर ती फाइल चालवत नाही. पण पॉलिफिल प्रत्येक ब्राउझरला निराळी फाइल देत असे. मग ठसा घ्यायचा कशाचा?

फाइल स्वतःकडे ठेवली तर नवी आवृत्ती आठवणीने आणावी लागते, हा आक्षेप खरा आहे. मात्र जाळ्यावरच्या पत्त्यातही बहुधा आवृत्तीचा क्रमांक असतोच, आणि तो बदलायला दुसरे कोणी येत नाही. देशोदेशी चलचित्रे पुरवणाऱ्या स्थळाला वितरण-जाळे हवेच, पण तो हिशोब वेगळा. शाळेच्या संगणक-कक्षात बाहेरची जोडणी गेली, की उसन्या आज्ञावलीचे पान अर्धवट उघडते. फाइल त्याच संगणकावर असेल तर तास पुढे चालू राहतो.