‘एकच प्याला’तील पोरके मूल

‘एकच प्याला’ची चर्चा मराठी समीक्षेने बहुधा दोन अंगांनी केली आहे : मद्याने झालेला सुधाकराचा विनाश आणि सिंधूचे पातिव्रत्य. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले. पुढच्याच महिन्यात बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. तेव्हापासून बालगंधर्वांच्या सिंधूने आपल्या आजी-पणजींना रडविले. ते अश्रू खरे होते. मात्र ते कोणासाठी वाहिले, हे तपासण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्यापुढे हा प्रश्न प्रथम आला तो पेडणे महालातील तुये गावी. जत्रेच्या रात्री हौशी मंडळींचा प्रयोग चालला होता. सुधाकराच्या मारहाणीत तान्हे मूल गेले, तेव्हा मागे बसलेल्या एका वृद्ध बाई कोणालाही उद्देशून नव्हे अशा स्वरात म्हणाल्या, “पण त्या पोराक कोण नाय काय?” अनेक समीक्षाग्रंथांत आम्हांस हा प्रश्न आढळला नव्हता.

त्या मुलाला खरोखरच कोणी नव्हते काय? मामा पद्माकर आहे, पित्याचा मित्र रामलाल आहे. दोघेही सुजाण, दोघांनाही त्या घराची दशा ठाऊक. परंतु सिंधू माहेरचा आधार नाकारते आणि तिच्या निर्धाराबरोबर मुलाचेही भवितव्य ठरून जाते. पत्नी म्हणून स्वतःचा त्याग करण्याचा अधिकार तिला असेल. मुलाचा त्याग करण्याचा अधिकार तिला कोणी दिला? मरतानाही ती पतीला वाचविणारी जबानी देते. त्या क्षणी नाटकातील उदात्तता शिगेला पोहोचते आणि मृत मुलाची बाजू मांडणारे शेवटचे तोंडही बंद होते.

याच भागात दशावतारी मंडळी प्रल्हादाचे आख्यान रंगवितात. तेथेही छळणारा सख्खा बाप आहे. पण खांब दुभंगतो आणि नरसिंह प्रकटतो. गडकऱ्यांनी खांबातून कोणालाही बाहेर काढले नाही, हे त्यांचे मोठेपण होय. उलट ध्रुवाच्या कथेत आपण सुरुचीला सावत्रपणाचा कायमचा डाग लावला. मुलाला मांडीवरून दूर होताना मुकाट्याने पाहणाऱ्या उत्तानपादाला मात्र सहज सोडून दिले. ‘सावत्र’ हा शब्द आपल्या भाषेत जवळजवळ शिवी ठरला, तर ‘सख्खा’ हे प्रशस्तिपत्र.

प्रेमळ सावत्र बाप आपल्या जुन्या साहित्यात दुर्मीळ आहे, यालाही कारण आहे. उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाहच नव्हता. ब्रिटिश मुलुखात १८५६ च्या कायद्याने तो वैध झाला, तरी त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने पुनर्विवाहित आईच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी करण्याची वाट मृत पित्याच्या नातलगांना मोकळी ठेवली. म्हणजे आईला नवा संसार मिळाला, तरी मूल बरोबर येईलच याची शाश्वती नव्हती. अशा काळात जोतीराव-सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपला म्हणून वाढविले. आमच्या मते त्या शतकातील नाटककारांना न सुचलेला अंक तो हाच.

आज सावत्र आईला किंवा बापाला मूल रीतसर दत्तक घेता येते. बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालील दत्तक नियमावली यांत तशी तरतूद आहे. परंतु जन्मदाता हयात असेल तर त्याची संमती लागते; ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत दत्तकाची प्रक्रिया सुरू होत नाही. ही सावधगिरी अनाठायी नव्हे. दत्तकाने जन्मदात्याशी असलेले नाते कायदेशीररीत्या तुटते, आणि दुरावलेल्या पतिपत्नींच्या रागाचे माप मुलाच्या पदरात पडता कामा नये. तथापि ज्याच्या हातून मार खाल्ला त्याच्याच सहीसाठी मुलाने थांबावे, ही अवस्थाही मन अस्वस्थ करणारी आहे.

येथे गडकरी पुन्हा उपयोगी पडतात. सुधाकर पूर्णतः दुष्ट नाही. तो पश्चात्ताप करतो, दारू सोडतो, कामधंदा शोधतो, अपमानित होतो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. बाप सुधारेल ही आशा त्याच्या प्रत्येक आप्ताला आहे, आणि प्रेक्षकालाही. नाटकाची सारी व्यथा या आशेत साठली आहे. सुधारण्यास लागणारा अवधी पुरुषाला मिळतो. तो पाळण्यातल्या जिवाच्या आयुष्यातून वजा होतो.

आपल्या घराण्यांनी गावे बदलली, राजवटी पाहिल्या. कुलनाम तेवढे जिवापाड जपले. घटस्फोटित लेकीच्या मुलाला दुसरे आडनाव लावण्याची वेळ येते तेव्हा घरातील वडीलधारे आजही ‘रक्त ते रक्त’ म्हणून विषय मिटवतात. त्यांनी ‘एकच प्याला’ पुन्हा वाचावे, आणि या खेपेस सिंधूकडे न पाहता तिच्या मांडीवरील मुलाकडे पाहावे. तुयेच्या त्या बाईंना उत्तर देण्याची जबाबदारी गडकऱ्यांची नव्हे. ती आपली आहे.