गाठीला न शिवता

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती भरदार असते. वय वाढेल तशी आक्रसून चरबीत मिसळत जाते. तिच्यात होणारी थायमोमाची गाठ काढायची तर वर्षानुवर्षं छातीचं हाड उभं कापावं लागे. आता बऱ्याच रुग्णांत ती तीन-चार छिद्रांतून, दुर्बिणीने किंवा रोबोच्या मदतीने निघते. जखम लहान, दुखणं कमी, घरी परतणं लवकर. कौतुक सहसा इथेच थांबतं. मला मात्र या शस्त्रक्रियेची खरी गोडी तिच्यातल्या धोक्यांपाशी कळते. प्रत्येक धोक्याला जाणत्या हातांनी शोधलेलं उत्तर मॉनिटरवर दिसतं, फक्त कुठे पाहायचं ते ठाऊक हवं.

आधी सर्जनची पकड पाहा. थायमोमाभोवती पातळ वेष्टन असतं. ते फाटलं तर पेशी फुप्फुसाच्या आवरणात सांडतात आणि तिथे रुजू शकतात. गाठ मुळातच संथ, त्यामुळे चूक उघडकीला यायला कित्येक वर्षं जातात. तोवर ऑपरेशन उत्तम झालं अशीच सगळ्यांची समजूत असते. छाती उघडलेली असताना किती दाब पडतोय हे बोटांना कळतं. लांब दांड्याच्या चिमट्याला ते अर्धंमुर्धं कळतं, आणि आज वापरात असलेल्या बहुतेक रोबोंमध्ये तर जवळजवळ नाहीच. म्हणून कसलेला सर्जन गाठ धरतच नाही. तो भोवतालची चरबी धरतो, ग्रंथीचा निरोगी भाग धरतो. पिकलेलं फळ देठाशी धरून उतरवावं तसं. पडद्यावर नीट पाहिलं तर आणखी एक बारकावा सापडतो. ऊती जास्त ताणली गेली की तिच्यावरच्या लालसर केशवाहिन्या फिक्या पडतात. तो रंग उतरायला लागला की चिमटा किंचित सैल होतो, रंग परततो आणि काम पुढे सरकतं. हाताला न जाणवणारा ताण डोळ्यांनी ओळखण्याची ही तयारी पाहून मी दर वेळी थक्क होतो.

हृदयावरणाच्या दोन्ही कडांनी फ्रेनिक मज्जातंतू खाली उतरतात आणि श्वासपटल हलतं ठेवतात. उजव्या बाजूने दुर्बीण घातली की उजवा मज्जातंतू सोबतच्या बारीक रक्तवाहिन्यांसह स्वच्छ दिसतो. डावा मात्र पलीकडच्या चरबीत दडलेला असतो. खरी मेख तिथे आहे. ऊती जाळत कापणाऱ्या हत्याराचं टोक मज्जातंतूला लागलं नाही तरी आसपास पसरलेली उष्णता त्याला दुखवू शकते. जाणता सर्जन या टापूत आला की ते हत्यार बाजूला ठेवून साधी कात्री मागतो. रक्त थोडं अधिक दिसतं, वेळही अधिक लागतो. डावी कड तरीही दिसेना, तर तो डावीकडून आणखी एक छिद्र घेतो. कमी छिद्रांचा मोह सोडून घेतलेलं हे जादा छिद्र मला फार मोलाचं वाटतं.

त्याचं कारण या आजारातच आहे. थायमोमाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया ग्रेव्हिस असतो. त्यात स्नायू लवकर थकतात, श्वासाचेसुद्धा. अशा माणसाचं अर्धं श्वासपटल लुळं पडलं तर व्हेंटिलेटर सुटणं अवघड होतं. लक्षणं नसली तरी ऑपरेशनआधी रक्तातली प्रतिपिंडं तपासणारा आणि स्नायू शिथिल करणारं औषध मोजूनमापून देणारा भूलतज्ज्ञ कॅमेऱ्यात कधीच येत नाही. या कामगिरीत त्याचा वाटा मोठा असतो.

सगळ्यात श्वास रोखून पाहावी अशी जागा वरच्या बाजूला आहे. डाव्या हाताचं आणि मानेचं रक्त आणणारी मोठी नीला तिथे आडवी जाते. थायमसच्या दोन-तीन आखूड, नाजूक शिरा तिला येऊन मिळतात. ब्रिटिश सर्जन जेफ्री केन्स यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे हे धाकटे भाऊ. ग्रंथी जरा जोरात ओढली तर या शिरा मोठ्या नीलेतून मुळासकट उपटल्या जातात. म्हणून आधी नीलेची कड मोकळी करायची, प्रत्येक शीर वेगळी दिसू द्यायची, क्लिप लावायची आणि मगच कापायची. तरीही रक्त आलंच, तर चांगला हात घाईने चिमटे मारत नाही. गॉजची छोटी गुंडाळी आत जाते, जागेवर दाबली जाते आणि सगळे थांबतात. रोबो असेल तर सर्जन रुग्णापासून दूर कन्सोलवर बसलेला असतो. रोबोचे हात बाजूला करून छाती उघडायला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा लागतो. हाड कापायची करवत म्हणूनच सुरुवातीपासून ट्रॉलीवर तयार असते.

शेवटची पायरी घाईत उरकली जाण्याची भीती असते. सुटी झालेली गाठ पिशवीत घालून बाहेर काढायची. छिद्र अपुरं पडलं तर ते वाढवायचं, गाठ दाबायची नाही. थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने, म्हणजे आयटीएमआयजीने, 2011 मध्ये कमी छेदाच्या ऑपरेशनसाठी जे दंडक प्रसिद्ध केले त्यात ही पिशवीही आहे. त्यानंतर सर्जन स्वतः त्या मऊ, आकार हरवणाऱ्या गोळ्यावर खुणा करतो: ही हृदयाकडची बाजू, ही नीलेकडची. कड खरोखर मोकळी आहे का, हे पॅथॉलॉजिस्टला त्यावरूनच ठरवता येतं. पडदा बंद झाल्यावर केलेलं हे काम मला अख्ख्या शस्त्रक्रियेइतकंच देखणं वाटतं.

गाठ नीलेला चिकटलेली निघाली, वेष्टन धोक्यात आलं, तर छिद्रं सोडून हाड उघडणं हाच सरस निर्णय असतो. त्याला अपयश म्हणणाऱ्याने ही शस्त्रक्रिया नीट पाहिलेलीच नाही.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर किती छिद्रं घेणार हा प्रश्न नंतर विचारा. वेष्टन अखंड राहिलं का आणि कडा मोकळ्या आहेत का, हे पॅथॉलॉजीच्या अहवालात वाचा. आणि प्रकृती ठणठणीत वाटली तरी निदान दहा वर्षं, डॉक्टर सांगतील तेव्हा, छातीचा सीटी स्कॅन चुकवू नका.