खेळणारा माणूस : एका ग्रंथाचे पुनर्वाचन

आमच्या घराघरांतून खेळाचे समर्थन बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने केले जाते. मैदानावर गेल्याने प्रकृती सुधारते, बुद्धिबळाने गणित पक्के होते, स्पर्धेत चमकल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात, अशी ही समर्थने असतात. खेळ हा खेळ म्हणूनच चांगला आहे, असे म्हणण्यास मात्र आम्ही कचरतो. ज्याचा काही उपयोग नाही त्याला मूल्य तरी कसे असणार, असा प्रश्न आमच्या मनात दडलेला असतो. या प्रश्नाला ज्याने विद्वत्तेने आणि धैर्याने उत्तर दिले, त्या योहान हॉइझिंगा या डच इतिहासकाराच्या ‘होमो लुडेन्स’ म्हणजेच ‘खेळणारा माणूस’ या ग्रंथाचा परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे. ग्रंथ १९३८ सालचा आहे, पण त्याने मांडलेला प्रश्न जुना झालेला नाही.

हॉइझिंगा यांचा जन्म १८७२ सालचा. युरोपीय मध्ययुगाचे इतिहासकार म्हणून ते विख्यात झाले. परंतु त्यांचे आरंभीचे शिक्षण संस्कृतचे होते, आणि १८९७ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता भारतीय नाटकातील विदूषक. म्हणूनच या ग्रंथात क्रीडा, लीला, द्यूत या आपल्या ओळखीच्या शब्दांची चर्चा येते आणि महाभारतातील द्यूतसभेचाही विचार होतो.

ग्रंथकाराचा मुख्य सिद्धांत असा : संस्कृती आधी आणि खेळ नंतर असे घडलेले नाही. पशूही खेळतात, खेळ संस्कृतीहून प्राचीन आहे आणि संस्कृती खेळाच्या रूपानेच आकाराला येते. खेळ स्वेच्छेचा असतो. तो नित्याच्या व्यवहारापासून वेगळा असतो. त्याला स्थळाची आणि काळाची मर्यादा असते. त्याचे नियम कडक असतात. आणि त्यातून काही लाभ व्हावा अशी अपेक्षा नसते. अंगणात काठीने रेघ ओढली की रेघेच्या आतले जग निराळे होते. याच अनुषंगाने त्यांनी केलेला एक भेद आम्हांला फार मार्मिक वाटतो. लबाडी करणारा गडी नियम पाळल्याचे निदान सोंग तरी करतो, म्हणजे नियमाची सत्ता मान्य करतो. डाव मोडून जाणारा मात्र ती रेघच पुसून टाकतो. म्हणून मुले लबाडाला एक वेळ क्षमा करतात, डाव मोडणाऱ्याला करीत नाहीत.

हा विचार केवळ पुस्तकी नव्हता. १९३३ साली लायडन विद्यापीठाचे प्रमुख असताना, ज्यूद्वेषी लिखाण करणाऱ्या एका नात्सी पाहुण्यास त्यांनी विद्यापीठातून निघून जाण्यास सांगितले. पुढे जर्मनांनी देश व्यापल्यावर १९४२ साली त्यांना ओलीस म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. सुटका झाली तरी लायडनला परतण्याची मुभा मिळाली नाही, आणि युद्ध संपण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९४५ मध्ये, त्यांचे निधन झाले. ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात घोषणा, संचलने आणि झुंडीचा उन्माद यांना ते खेळ म्हणत नाहीत, पोरकटपणा म्हणतात. प्रतिपक्षाला माणूस मानणे आणि दिलेला शब्द पाळणे हे खेळाचे नियम ज्या राष्ट्राने टाकले, त्याची संस्कृतीही टिकत नाही, असा त्यांचा इशारा आहे. कोणाचा डाव कोण मोडत होते, हे त्या वेळच्या वाचकाला वेगळे सांगावे लागले नसेल.

ग्रंथाचे मोठेपण मान्य करूनही आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप व्याप्तीचा. न्यायालय, युद्ध, काव्य, तत्त्वज्ञान या सर्वांत ग्रंथकाराला खेळ दिसतो. सर्वत्र जे आहे त्याची ओळख पुसट होते. या बाबतीत बर्नार्ड सूट्स या तत्त्वचिंतकाचे १९७८ सालचे ‘ग्रासहॉपर’ हे पुस्तक अधिक नेमके आहे. इसापाच्या गोष्टीतील आळशी नाकतोड्याला नायक करून ते सांगतात की, अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करून त्यांवर मात करण्याचा यत्न म्हणजे खेळ. आमच्या लंगडीला हे वर्णन किती चपखल बसते! दोन धडधाकट पाय असताना मूल एक पाय उचलून धरते, कारण तसे केल्यावाचून लंगडीच होत नाही.

दुसरा आक्षेप उपासनेविषयीचा. रोमानो ग्वार्दिनी या धर्मगुरूंनी १९१८ सालच्या ‘उपासनेचा आत्मा’ या पुस्तकात उपासनेची तुलना बालकाच्या खेळाशी केली होती : दोन्हींना हेतू नाही, पण अर्थ आहे. हॉइझिंगा हाच धागा उचलतात आणि पवित्र विधी व खेळ यांना जवळजवळ एकाच वर्तुळात बसवितात. तुलना आम्हांला मान्य आहे. एकरूपता मान्य नाही. शिट्टी वाजली की खेळातले राज्य संपते आणि राजा पुन्हा शेजारचा मुलगा होतो. पवित्र मिस्सा संपल्यावर मात्र तेथे जे घडले ते रद्द होत नाही. ते घेऊनच आपण घरी जातो.

तिसरा आक्षेप सर्वांत निकडीचा. खेळातून लाभ नसतो, असे म्हणून ग्रंथकार जुगाराला जवळपास बाहेरच ठेवतात. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली नेमके येथेच बोट ठेवले. चढाओढ, दैव, सोंग आणि भोवंड असे खेळाचे चार प्रकार मानून त्यांनी दैवाच्या खेळांनाही स्थान दिले आणि नित्याचे व्यवहार खेळात मिसळले की खेळ कसा नासतो, हेही दाखविले. आज रेघेच्या आत-बाहेर हा भेदच नाहीसा झाला आहे. भ्रमणध्वनीवरील पैशांच्या खेळाला ना अंगण, ना दिवेलागणीची वेळ, ना ‘चल, घरी ये’ म्हणणारी आई. २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा आवश्यक असला तरी तो दार लावतो. अंगण देत नाही.

आपल्या परंपरेने खेळाकडे तुच्छतेने पाहिले, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. संत ऑगस्टीन ‘कबुलीजबाबा’त लिहितात की, अभ्यास सोडून चेंडू खेळल्याबद्दल त्यांना मार बसे, मात्र मोठ्यांच्या तशाच खेळांना ‘कामकाज’ म्हटले जाई. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळातील संयमाला सद्गुण मानले, आणि अतिरेकाप्रमाणेच खेळाच्या अभावातही दोष असू शकतो, असे प्रतिपादिले. सतत ताणलेले धनुष्य तुटते, ही संत योहानाची कथा तेच सांगतात. येथे कोणी म्हणेल, मग विश्रांती ही पुन्हा कामाला लागण्यासाठीच ना? परंतु याच थॉमसांनी अन्यत्र ज्ञानचिंतनाची तुलना खेळाशी केली आहे, कारण दोन्ही स्वतःसाठीच हवीहवीशी असतात. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात सृष्टीच्या आरंभी ज्ञान देवापुढे आनंद करते. तेथील हिब्रू क्रियापदात खेळण्याचाही अर्थ आहे. आणि जखऱ्या संदेष्टा पुनःस्थापित यरुशलेमचे चित्र काढतो, तेव्हा तिच्या रस्त्यांवर मुले-मुली खेळताना दाखवितो. तेथे ती कशासाठी खेळतात, हे तो सांगत नाही.

वाचकहो, देवाने जग निर्माण केले ते त्याला कशाची गरज होती म्हणून नव्हे, हे आपण धर्मशिक्षणात शिकतो. ज्या बालकाचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या फळाशी बांधलेला आहे, त्याला ‘कृपा’ या शब्दाचा अर्थ आम्ही वेदीवरून कसा समजावून द्यावा? फुकट मिळालेले आणि फुकट दिलेले असे काही त्याने कधी अनुभवलेलेच नसते. म्हणून रविवारची एक संध्याकाळ तरी शिकवणीच्या आणि पडद्याच्या हातून सोडवून मुलांना द्यावी, आणि घरी परतल्यावर ‘कोण जिंकले’ एवढेच विचारून थांबू नये, ‘मजा आली का’ हेही विचारावे. हॉइझिंगा यांच्या ग्रंथातील पहिले आणि शेवटचे प्रकरण ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य वाचावे. मधली प्रकरणे सवडीने वाचली तरी चालतील.